मंडईला आलात, आता पाळीवर चला!

शेतकरी बंधूंनो, दिवाळी सरली की एकोडी काय, आपल्या झाडीपट्टीतलं कुठलंही गाव काय, मंडईचे वेध लागतात. नागपूर-पुण्याकडं गेलेले बालमित्र परततात. दंडार, नाटक, रात्रभर गप्पा! पण लहानपणी पोहायला शिकवणारे कित्येक मामा तलाव आता गाळानं उथळ झालेत. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, डागडुजी मागं पडली. ‘पूर्वी पाणी किती राहायचं!’ एवढंच बोलून पांगू नका. गाळ काढण्यासाठी २०१७ मध्ये शासनानं योजना आणली. गाळ शेतकऱ्यानं आपल्या बांधीत न्यायचा. मित्र जमलेत तोवर ग्रामसभेच्या ठरावाचं ठरवा. उन्हाळ्यात गाळ निघाला, तर धान निसवताना पाणी हाताशी राहील.