उसनवारीचे गणित : सॉफ्टवेअर उद्योगातील घाई आणि गुणवत्ता

आपल्या विद्यालयातून शिकून गेलेली काही मुले-मुली आज पुणे, हैदराबाद, बंगळूर येथील सॉफ्टवेअर कंपन्यांत अभियंते म्हणून काम करीत आहेत. सुट्टीत भेटीस आली की त्यांच्या बोलण्यात एक तक्रार वारंवार येते : तारीख आधी ठरते, काम नंतर, ते नीट करावयास वेळच मिळत नाही. आम्ही इतिहासाचे अध्यापक. संगणकशास्त्रात आमचा अधिकार नाही. परंतु हा प्रश्न यंत्राचा कमी आणि माणसांनी घेतलेल्या निर्णयांचा अधिक आहे. निर्णयांचे परिणाम तपासणे हे तर इतिहासाचे कामच होय.

प्रथम दोन्ही बाजू न्याय्य आहेत हे मान्य केले पाहिजे. ग्राहकाला वेळेवर माल मिळाला नाही तर कंपनी टिकत नाही आणि अभियंत्याचा पगारही टिकत नाही. उलट, घाईने रचलेली आज्ञावली पुढे प्रत्येक बदलाच्या वेळी अडथळा करते. या पेचाला अमेरिकन प्रणालीकार वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये कर्जाची उपमा दिली. आमच्या वाचकांना ती सहज कळेल. पेरणीच्या वेळी बियाण्यासाठी कर्ज काढणे हा दोष नव्हे. पीक हाती येताच ते फेडले नाही तर मात्र व्याज घर पोखरते. सॉफ्टवेअरमधील व्याज म्हणजे पूर्वी एका दिवसात होणाऱ्या कामाला पुढे आठवडा लागणे. कित्येकदा ते व्याज एकदम वसूल होते.

नाइट कॅपिटल या अमेरिकन कंपनीचे उदाहरण पाहू. ती शेअरबाजारात दलालीचे व्यवहार करी आणि त्यासाठीची संगणक प्रणाली स्वतःच चालवी. न्यूयॉर्क शेअरबाजाराची एक नवी योजना १ ऑगस्ट २०१२ रोजी सुरू व्हावयाची होती. पहिल्याच दिवशी तीत उतरावयाचे म्हणून कंपनीने आपल्या प्रणालीत बदल केला. तिच्यात २००३ पासून वापरात नसलेली एक जुनी आज्ञावली तशीच पडून होती. मागितलेले समभाग मिळाले की थांबावे, यासाठी मोजणी करणारा तिचा भाग २००५ मध्ये अन्यत्र हलविला गेला होता. त्यानंतर तिची चाचणी झाली नव्हती. तिला जागे करणारी खूणच आता नव्या कामासाठी वापरण्यात आली. आठ सर्व्हरांपैकी एकावर नवी आज्ञावली चढवावयाची राहिली. दुसऱ्या कोणी ते काम तपासले नाही, कारण तसा लेखी नियमच नव्हता.

बाजार उघडताच त्या आठव्या सर्व्हरवरील जुनी आज्ञावली जागी झाली आणि थांबावे कोठे हे तिला कळेना. २१२ लहान मागण्या पूर्ण करताना ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. गोंधळात कंपनीने उरलेल्या सात सर्व्हरांवरील नवी आज्ञावली काढून टाकली; त्यामुळे तेथेही जुनी जागी झाली आणि संकट वाढले. नुकसान ४६ कोटी डॉलरांहून अधिक झाले. पुढल्याच वर्षी ही कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वी प्रणालीने चुकीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठविले होते. ते धोक्याचे इशारे म्हणून योजलेले नव्हते. कोणी त्यांवर कृती केली नाही.

म्हणून गुणवत्तेपुढे व्यवसाय गौण मानावा काय? तसेही नाही. नेटस्केप ही एकेकाळी वेब ब्राउझरच्या क्षेत्रातील अग्रणी कंपनी. जुनी रचना सदोष म्हणून १९९८ मध्ये सर्व नव्याने लिहावयाचे ठरले. १९९७ च्या चौथ्या आवृत्तीनंतरची मोठी आवृत्ती थेट २००० च्या नोव्हेंबरात आली. दरम्यान मायक्रोसॉफ्टने बाजारपेठ काबीज केली होती. एकाने कर्जाकडे पाहिलेच नाही, तर दुसऱ्याने ते एकाच हप्त्यात फेडावयास घेतले आणि तोवर हंगाम निघून गेला.

मग समतोल साधावयाचा कसा? गूगलमधील एक पद्धत येथे उद्बोधक आहे. सेवा किती वेळ निर्दोष चालली पाहिजे, हे आधीच आकड्यात ठरविले जाते. समजा, ९९.९ टक्के ठरले. तर ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटांचा बिघाड क्षम्य. ही मिनिटे शिल्लक असेपर्यंत नव्या सुविधा धडाक्याने आणाव्यात. संपली की नव्या सुविधा थांबवून आधी दुरुस्ती करावी. शंभर टक्क्यांचा आग्रह नाही, कारण त्याची किंमत अवाजवी असते. येथे वाद व्यक्तींच्या दर्जाचा राहत नाही. वरिष्ठ आणि कनिष्ठ दोघेही एकाच लेखी आकड्याला बांधलेले असतात.

यातच आमच्या मते मर्म आहे. कर्ज घातक ठरते ते मुख्यतः वहीत नोंद नसल्यामुळे. परंतु नोंद करावयास कोणीतरी बोलावे लागते. घराण्यात पहिल्यांदाच अशा नोकरीत शिरलेल्या तरुणाला ‘हे तपासलेले नाही’ असे वरिष्ठांपुढे म्हणणे किती जड जाते, हे आम्ही जाणतो. नोकरी गमावण्याची भीती खोटी नाही. म्हणून त्याने केवळ ‘काम वाईट झाले’ असे म्हणू नये. काय राहिले, त्याने कोणते नुकसान संभवते आणि दुरुस्तीस किती दिवस लागतील, हे लिहून द्यावे. व्यवसायाला कळणारी भाषा हीच आहे. निर्णय वरिष्ठ घेतील. पण तो डोळे उघडे ठेवून घेतला जाईल. आणि जे आज वरिष्ठ पदांवर पोहोचले आहेत, त्यांनी असा कागद हाती आल्यावर तो लिहिणाऱ्याला उद्धट न ठरविता, आधी तो वाचावा.