कोरा कागद कसा राखावा

जलरंगांच्या पेटींत पांढरा रंग असला तरी जाणता चित्रकार त्यास सहसा हात लावीत नाहीं. त्याचें पांढरें म्हणजे खालचा कोरा कागदच. तो एकदां रंगला कीं पूर्ववत् होत नाहीं, आणि चांगला कागद महाग! सांवळाराम हळदणकर यांनीं १९४५-४६ सालीं रंगविलेलें, दिवा हातीं घेतलेल्या स्त्रीचें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. तेंहि जलरंगांतलेंच.

उत्तनच्या समुद्रावरील उन्हाची चकाकी दाखवावयाची असेल, तर कागदावर मेणबत्ती आडवी घासावी. वरून निळा रंग फिरविला असतां मेणावर तो ठरत नाहीं, व खरबरीत कागदावर शुभ्र ठिपके राहतात. मात्र हें मेण पुन्हां निघत नाहीं. शिडासारखी रेखीव आकृति राखण्यास रबराचा चीक बरा. वरचा रंग पुरता वाळल्यावर तो बोटानें चोळून काढावा. चिकासाठीं जुना कुंचला घेऊन आधीं साबणाच्या पाण्यांत बुडवावा. नवा घेणें म्हणजे त्याचा नाशच.

विद्यार्थ्यांस विशेष आवडतें तें मीठ, आणि भाईंदर तर मिठागरांचें गांव. रंगाची ओल चकाकत असतांच जाडें मीठ पेरावें. प्रत्येक खडा सभोंवतालचें रंगीत पाणी ओढून घेतो. वाळल्यावर मीठ झटकलें कीं फुलासारखे फिकट ठसे उमटतात. ओल फार असल्यास मीठ विरघळतें, कमी असल्यास कांहींच होत नाहीं. ही वेळ डोळ्यांनींच ओळखावी लागते. आम्हांस ती शब्दांत सांगतां येत नाहीं.

लाटांचे तुषार उडविण्यास दांत घासण्याचा जुना ब्रश पुरतो. पालकांनीं तो टाकून देऊं नये, एवढीच विनंती.