चौथ्या आठवड्याचं तेल

पुण्यात पर्वतीच्या उतारावर चढत गेलेल्या जनता वसाहतीतल्या एका खोलीत, ओट्याखाली, पाच लिटरचा पारदर्शक कॅन असतो. त्यावर कपाळाला लावायच्या तीन टिकल्या चिकटवल्या आहेत, एकीखाली एक. महिन्याच्या सुरुवातीला घरात तेलाच्या तीन पिशव्या येतात आणि तिन्ही एकदम या कॅनमध्ये रिकाम्या होतात. रिकामी पिशवी कात्रीने उभी चिरायची, आतलं तेल बोटाने निपटून घ्यायचं आणि बोटाला राहील ते धाकटीच्या केसांना पुसायचं. तीन टिकल्यांनी तेलाचे चार मजले होतात. एक मजला म्हणजे एक आठवडा.

ही पद्धत २०२२ च्या उन्हाळ्यातली. युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, सूर्यफूल तेलाची आवक अडकली, एप्रिलमध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली आणि वस्तीतल्या किराणा दुकानात तेलाच्या पिशवीचा भाव आठवड्याआठवड्याला बदलू लागला. तोवर या घरात तेल अंदाजाने ओतलं जाई. पुढे भाव उतरले, टिकल्या मात्र राहिल्या.

घरात माणसं पाच. नवरा रंगकामाला जातो आणि पावसाळ्यात बरेच दिवस घरी बसतो. बायको चार घरची पोळ्याभाजीची कामं करते. सासू आहे, मुलगा नववीत आणि मुलगी चौथीत. खोलीभाडं, वीज, शाळा आणि भिशीचा हप्ता बाजूला काढला की खाण्यापिण्याला सहा हजार रुपये उरतात. गॅस त्यातच. म्हणजे रोजचे दोनशे, पाच माणसांचे, दोन वेळच्या जेवणाचे आणि चहाचे.

काटकसरीच्या स्वयंपाकाबद्दल लिहिणारे बहुधा पाककृती सांगतात. या खोलीत पाककृती कुणाला शिकवायची गरज नाही, पिठलं सगळ्यांना येतं. ते कोणत्या तारखेला करायचं, हा खरा प्रश्न. पहिल्याच आठवड्यात दोनदा पिठलं झालं तर पंचवीस तारखेला, हातात काहीच नसताना, ते मुलांच्या घशाखाली उतरत नाही. म्हणून वीस तारखेपर्यंत बेसनाचा डबा वरच्या फळीवर असतो. केंद्र सरकारच्या २०१९-२० च्या आर्थिक पाहणी अहवालात ‘थालीनॉमिक्स’ नावाचं प्रकरण होतं. धान्य, डाळ, भाजी, मसाला, इंधन असं सगळं धरून एका थाळीला किती पडतात, याचा तो हिशेब. कल्पना चांगली होती. पण त्या थाळीला तारीख नव्हती. या घरातलं पाच तारखेचं ताट आणि सव्वीस तारखेचं ताट शेजारी शेजारी ठेवली, तर ती एकाच घरातली वाटणार नाहीत.

तारखा ठरतात पगारावर, आणि पगारही एकदम येत नाही. चार घरांपैकी एक घर एक तारखेला पैसे देतं, दुसरं तीनला, तिसरं सातला आणि चौथं दहा उलटल्यावर, तेही आठवण केल्यावर. नवऱ्याची मजुरी शनिवारी मिळते, काम असेल तर. त्यामुळे किराणाही हप्त्याहप्त्याने भरला जातो. पहिल्या पैशांत तेल, डाळी, मीठ. दुसऱ्यांत ज्वारी, गहू आणि गिरणीचे पैसे. चहा-साखर तिसऱ्यांत. वर्षाचे गहू एप्रिल-मे महिन्यात भरून ठेवले की स्वस्त पडतात, हे तिला ती ज्यांच्याकडे कामाला जाते त्या बायकांइतकंच नीट ठाऊक आहे. तेवढे पैसे एकदम हातात नसतात, म्हणून तेच गहू तिला वर्षभर पाच-पाच किलोंनी महाग घ्यावे लागतात. महिनाअखेरीला तर चहाची दहा रुपयांची पुडी येते. अशा पुड्यांची बेरीज अर्ध्या किलोच्या पुड्याहून बरीच वर जाते, हेही तिला ठाऊक आहे.

धान्याची निम्मी काळजी रेशन मिटवतं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. आधी गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो होता; जानेवारी २०२३ पासून दोन्ही फुकट आहेत. घरात माणसं पाच असली तरी कार्डावर नावं चारच आहेत, धाकटीचं चढायचं राहिलं आहे. तेव्हा अंगठा उमटवून येतात ते वीस किलो. घराला लागतं चाळीसच्या आसपास. मंगळवेढ्याकडे दिराची थोडी कोरडवाहू जमीन आहे. पाऊस बरा झाला तर मार्चनंतर तिकडून शाळूचं एखादं पोतं एसटीने येतं आणि मग दोन महिने भाकरीची चिंता नसते. पाऊस नसेल तर ज्वारीही दुकानातूनच.

रेशनचा तांदूळ निवडायला सासू दारात बसते, कारण उजेड तिथेच आहे. तिच्या बोटांना काही दाणे वेगळे लागतात: जरा पिवळट, सगळे एकसारखे, पाण्यात टाकले की तरंगणारे. वस्तीत त्यांना सर्रास ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणतात आणि उकिरड्यावर टाकतात. खरं तर तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून ते दाणे घडवलेले असतात. शंभर दाण्यांमागे एक, या प्रमाणात ते मुद्दाम मिसळलेले असतात. शाळेतल्या बाईंनी हे सांगितल्यापासून सून ते टाकू देत नाही. सासू अजूनही थोडे बाजूला सारते. बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामावर सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाऊन वाढलेली ती बाई, सरकारी धान्याबद्दल तिचं स्वतःचं एक मत आहे.

याच पुण्यात, गोखले अर्थशास्त्र संस्थेत, वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याचा हिशेब मांडला, तेव्हा माणशी रोज २२५० उष्मांक ही मोजपट्टी धरली होती. धान्याच्या जोरावर ती मोजपट्टी आज हे घर बहुतेक दिवस गाठतं. अडतं ते त्याच्या पुढे. डाळ, दूध, अंडी, भाजी, फळ.

डाळीची गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. २०१५ च्या शेवटी तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली, तेव्हा या घरात मसूर आली ती कायमची. आता रोज सकाळी अर्धी वाटी तूर आणि अर्धी वाटी मसूर एकत्र शिजते. मसूर लवकर गळते, आमटीला दाटपणा आणते आणि हळद पडली की तिचा रंग कुणाला कळत नाही. चव तुरीची राहते. शिजलेल्या डाळीचे दोन भाग होतात. एका भागात वांगं किंवा लाल भोपळ्याची फोड, चिंचेचा कोळ, गूळ आणि कोथिंबिरीचे देठ ठेचून. ती सकाळची डबे भरायची घट्ट भाजी. दुसऱ्या भागात गरम पाणी, लसूण, मिरची. ती संध्याकाळची आमटी. पाणी किती घालायचं, याचा अंदाज ती पळीच्या पाठीवरून घेते: आमटी पळीच्या पाठीला धरली तर आणखी पाणी सोसेल, नुसती घरंगळली तर नवरा ‘आज पाणीच वाढलंय’ म्हणेल. हे सगळं पाचच्या आधी उरकतं, कारण सहाला तिला पहिल्या घरी पोळ्या लाटायच्या असतात.

गॅस वाचवायची युक्ती म्हणजे रात्रीच सगळं भिजवणं. मटकी, मूग, चवळी, सगळं. पाव किलो मटकी भिजवून फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी ती दुप्पट होते, एका शिट्टीत शिजते आणि दोन जेवणांना पुरते. कुकरमध्ये खाली डाळ, मधे भात, वरच्या डब्यात बटाटे किंवा अंडी. शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, आणि कुकर आपोआप उतरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. चौदा किलो दोनशे ग्रॅमचा सिलिंडर चाळीस दिवस गेलाच पाहिजे, कारण नव्याला बरेच पैसे मोजावे लागतात. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये सिलिंडर लावल्याच्या तारखेला गोल केलेला असतो, पगाराच्या तारखांना फुल्या आणि दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्यांच्या रेघा. पानाच्या मागे पाककृती छापलेल्या असतात. तिकडे कुणी वळत नाही.

या सगळ्यातून भाजी, अंडी आणि सुकटीला रोजचे पन्नास-पंचावन्न रुपये सुटतात. भाजी सकाळी घ्यायचीच नाही. रात्री साडेआठनंतर हातगाडीवाल्यांना घरी जायचं असतं, पालेभाजी उद्यापर्यंत टिकत नाही, तेव्हा किलोचा भाव बंद होतो आणि वाटे लागतात. वीस रुपयांचा वाटा, दोन घेतले तर तीसला. वाट्यात एखादं वांगं किडकं निघणार, हे धरूनच. मुळा घेतला तर पाला मागून घ्यायचा, त्याचा झुणका होतो. दोडका घेतला तर शिरा टाकायच्या नाहीत, तीळ घालून त्यांची चटणी होते. फ्लॉवरचा दांडा सोलून आमटीत जातो. तेल जपायचं म्हणून भाज्यांना शेंगदाण्याचं कूट सढळ पडतं. सुका जवळा मूठभर पुरतो. तव्यावर कोरडा भाजून, कांदा आणि कोकमाबरोबर परतला की सगळी खोली दरवळते आणि दोन भाकऱ्या जास्त जातात. भाकऱ्या जास्त जाणं हेसुद्धा मग हिशेबात धरावं लागतं.

हिशेब बाहेरूनही मोडतो. पहिली ते आठवीच्या मुलांना शाळेत दुपारचं जेवण मिळतं. मुलगा या जूनमध्ये नववीत गेला आणि त्याची खिचडी बंद झाली. वय वर्षं चौदा. भूक वाढायची ती नेमकी आता. नवा डबा सुरू झाला, त्यात चार पोळ्या, आणि पीठ पाच-सहा दिवस आधी संपू लागलं. मे महिन्याच्या सुट्टीत धाकटीचंही दुपारचं जेवण घरावर येतं. सुट्टी लागली की खर्च वाढतो म्हणताना मध्यमवर्गाच्या डोळ्यांसमोर सहल असते, इथे पीठ.

कामाच्या घरांतून कधीमधी डब्यात काही मिळतं. कालची पनीरची भाजी, वाढदिवसाचा उरलेला पुलाव. मुलं त्यावर खूश असतात. पण तिचा एक नियम कडक आहे: मिळालेलं अन्न हिशेबात धरायचं नाही. आज मिळेल म्हणून डाळ भिजवली नाही आणि त्या बाई गावाला गेल्या, तर रात्री नऊला काय करणार? शिवाय मिळेल म्हणून वाट पाहिली की मागितल्यासारखं होतं, असं तिचं म्हणणं. ते पटण्यासारखं आहे.

चौथ्या आठवड्यात बेसनाचा डबा खाली येतो. एक वाटी बेसन, दीड पळी तेल, भरपूर कांदा, आणि पाच जणांचं जेवण उभं राहतं. दुसऱ्या दिवशी चकोल्या: कणकेच्या लाटलेल्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे उकळत्या आमटीत सोडायचे, पोळ्या भाजायला नकोत, भाजी नको, एका पातेल्यात सगळं. गॅस वाचतो आणि मुलांना वाटतं आज काहीतरी खास आहे. तिसऱ्या दिवशी उरलेल्या भाकरीचा कुस्करा. चौथ्या दिवशी मिरचीचा खर्डा आणि भाकरी. सत्तावीसनंतर दुकानदाराची वही उघडते. वहीवर घेतलेला माल रोखीपेक्षा थोडा महाग लागतो, हे दोघांनाही कळतं आणि दोघंही बोलत नाहीत.

इतकं करून जमाखर्च जुळतो, तो कुठे जुळतो हे पाहायला तिच्या जेवणाच्या वेळी थांबावं लागतं. ती शेवटी बसते. पातेल्यातली आमटी तोवर वाटीभर असते, त्यात डाळ तळाशी कुठेतरी. अंडी चार शिजवलेली असतात, पाच नाहीत. ती भाकरी चहाबरोबर खाते आणि मला आमटी आवडतच नाही म्हणते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. दवाखान्यात तिला लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, त्या घेऊन मळमळतं म्हणून दिवसाआड घेते. नियोजनाचं कौतुक करताना ही पाचवी वाटी विसरली, तर ते कौतुक खोटं आहे. सासू हे ओळखून आहे. अलीकडे ती आपल्या पानातलं अर्धं अंडं ‘दातांना झेपत नाही’ म्हणून सुनेच्या ताटात सरकवते.

धाकटीचं नाव कार्डावर चढवायचा अर्ज आता दिला आहे. नाव लागलं तर पाच किलो धान्य वाढेल आणि विकत घ्यायचं तेवढं कमी होईल, म्हणजे हातात महिन्याला दोनशेच्या आसपास. त्याचं काय करायचं, हे अर्ज भरतानाच ठरलंय: घाऊक दुकानातून तीस अंड्यांचा ट्रे. पूर्ण ट्रे घरात राहिला तर मुलगा आठवड्यात उडवेल, म्हणून तो शेजारणीच्या फ्रिजमध्ये राहणार. फ्रिजच्या जागेचं भाडं म्हणून तिला महिन्याला चार अंडी द्यायची, असं बोलणं झालं आहे. शेजारीण सहा मागते आहे.