उडी सगळे शिकवतात, उतरायला कोण शिकवणार?

कबड्डी खेळताना मुलीचा गुडघा गेला की घरी पहिला प्रश्न येतो, "कुणी पाडलं?" पुष्कळदा कुणीच पाडलेलं नसतं. पोरीने उडी मारलेली असते, किंवा पळता पळता एकदम वळलेली असते. पाय टेकताना गुडघा आत वळतो, 'कट्' असा आवाज येतो आणि ती खाली बसते.

गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधणारे दोन मजबूत दोर फुलीसारखे एकमेकांवरून गेलेले असतात. त्यातल्या पुढच्याला डॉक्टर 'एसीएल' म्हणतात. नडगी पुढे सरकू नये, गुडघा पिळू नये, हे त्याचं काम. तो पुरता तुटला तर सहसा आपोआप नीट जुळत नाही. सरळ चालता येतं, पण वळताना गुडघा दगा देतो. ऑपरेशन केलं तरी मैदानात परतायला नऊ महिने किंवा जास्तच लागतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. त्या आशेवर पहाटे उठून सराव करणाऱ्या आपल्या लेकीचं नेमकं तेच वर्ष हातचं जातं. रोजंदारीच्या घरावर खर्चाचा बोजा पडतो तो वेगळाच. वर शेजारपाजारचे म्हणायला मोकळे, "पोरीच्या जातीला हे खेळ कशाला?"

सारखाच खेळ खेळणाऱ्या मुलामुलींत ही दुखापत मुलींना दुपटीहून जास्त प्रमाणात होते, हे खरं आहे. वयात येताना उंची आणि वजन भराभर वाढतं, पण मांडीच्या मागचे आणि कुल्ल्याचे स्नायू त्या वेगाने बळकट होत नाहीत. मग मुली गुडघे ताठ ठेवून उतरतात आणि गुडघे आत झुकतात. पण आम्ही वस्त्यांत फिरतो तेव्हा आम्हाला आणखी एक गोष्ट दिसते. पोरगा लहानपणापासून भिंतीवरून, ओट्यावरून उड्या मारत वाढतो. पोरीला पाळी आली की अंगणात खेळणं बंद. मग आठवी-नववीत शाळेचा संघ निवडायचा म्हणून तिला एकदम मैदानात उतरवतात. अंगात ताकद यायला वेळ कुठे मिळाला? हा दोष शरीराच्या माथी मारणं आम्हाला पटत नाही. (आणि पाळी चालू आहे म्हणून खेळ बंद ठेवायचंही काही कारण नाही.)

यावर उपाय आहे, आणि तो फुकटचा आहे. स्वीडनमध्ये १२ ते १७ वर्षांच्या ४,५६४ फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर केलेला अभ्यास २०१२ साली छापून आला. काही क्लबांतल्या मुलींनी आठवड्यातून दोनदा, सराव सुरू करताना १५ मिनिटं ठरावीक व्यायाम केले. बाकीच्या नेहमीसारख्या खेळल्या. एका हंगामात व्यायाम करणाऱ्या गटात एसीएल तुटण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी निघालं. ज्यांनी नेमाने केलं त्यांना फायदा जास्त झाला. व्यायाम तरी कसले? दोन पायांवर आणि एका पायावर अर्धं बसणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, कोपरांवर अंग तोलून धरणं, पाय पुढे टाकून वाकणं, आणि उडी मारून नीट उतरणं.

हे नीट उतरणं म्हणजे काय, ते सांगतो. आधी पायाचा चवडा टेकवायचा, मग टाच. टेकतानाच गुडघे वाकले पाहिजेत आणि कंबर मागे गेली पाहिजे, खुर्चीवर बसायला जाताना जाते तशी. छाती थोडी पुढे. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहावा, आत पडू नये. आवाज कमी आला पाहिजे. 'धप्प' वाजलं तर सगळा भार सांध्यावर आला असं समजा.

हे घरी बघता येतं. मुलीला एका पायरीवरून दोन्ही पायांवर खाली उडी मारायला सांगा आणि समोर उभं राहून बघा. दोन गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर तिला हा सराव हवाच. मोबाईलवर चित्रीकरण करून तिचं तिला दाखवा. आम्ही कितीही सांगितलं तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर पोरी लवकर सुधारतात.

आधी दोन पायांवर उतरणं जमू द्या, मग एका पायावर, मग उतरून लगेच वळणं. खो-खोत खांबाजवळ वळताना आणि कबड्डीत पकड चुकवून उडी मारताना हेच उपयोगी पडतं. सिमेंटच्या कोब्यावर उड्यांचा सराव नको. विहारासमोरचं मातीचं अंगण, खडे वेचून, चांगलं. शाळेत क्रीडाशिक्षक असतील तर त्यांना भेटून सांगा की सरावाची पहिली पंधरा मिनिटं याला द्या. फिफाचा 'इलेव्हन प्लस' नावाचा असाच वीस मिनिटांचा सराव आहे, त्याचे व्हिडिओ मोबाईलवर बघायला मिळतात. फुटबॉलसाठी केलेला असला तरी उड्या आणि वळणं असलेल्या कोणत्याही खेळाच्या मुलींना तो करता येईल.

तरीही गुडघ्यात आवाज झाला आणि काही तासांत तो टम्म सुजला, तर खेळ तिथेच थांबवा. बर्फ फडक्यात गुंडाळून लावा, पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. तेल चोळू नका, हाडवैद्याकडे नेऊन ओढाताण करून घेऊ नका. सरकारी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रेत फक्त हाड दिसतं, दोर दिसत नाही. तेव्हा "एक्स-रे चांगला आहे" एवढ्यावर घरी येऊ नका. डॉक्टरांनी गुडघा हाताने तपासला का, एमआरआय लागेल का, हे विचारा. दोन आठवड्यांनी सूज उतरते, दुखणं थांबतं आणि पोरगी म्हणते, "मी बरी आहे, सामना आहे." तपासणी पुरी होईपर्यंत तिला मैदानात सोडू नका. सैल गुडघ्यावर खेळलं तर आतली गादीही फाटते.