निळे कुत्रे, गुलाबी रस्ता आणि अर्धवट राहिलेली बातमी

फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला. त्याची छायाचित्रं आधी मोबाइलवर फिरली, मग वर्तमानपत्रांत आणि वृत्तवाहिन्यांवर आली, आणि तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना स्वतः येऊन पाहणी करावी लागली. त्याआधी जानेवारी २०१४ मध्ये याच डोंबिवलीत हिरवा पाऊस पडल्याची बातमी गाजली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये पलीकडच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाचे भटके कुत्रे दिसले आणि ते चित्र जगभर पोचलं. २०२० च्या टाळेबंदीत ठाणे खाडीच्या परिसरातले गुलाबी फ्लेमिंगो आणि पाठोपाठ जून महिन्यात गुलाबी झालेलं लोणार सरोवर, ही दोन्ही दृश्यं देशोदेशीच्या लोकांनी पाहिली. सहा-सात वर्षांतल्या या पाच रंगीत बातम्या. ‘अजब जग’ नावाच्या चौकटीत शोभाव्यात अशा, आणि बहुतेक ठिकाणी त्या तशाच छापल्या गेल्या. माझं म्हणणं असं की अशा बातम्यांना क्षुल्लक समजून हसण्यावारी नेण्यात आपण मोठी चूक करतो. त्या खोट्या नसतात, अर्धवट असतात. त्यांतला नवलाचा भाग आपल्यापर्यंत पोचतो आणि कारणाचा भाग वाटेत गळून पडतो. तो उरलेला अर्धा भाग शोधणं हे ज्याच्या गावची बातमी असेल त्याचं काम आहे. ठाण्यातल्या खोपटच्या एसटी स्थानकात गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या आणि लंडनमधल्या माणसाच्या हातात एकच चित्र असतं. पण लंडनकराला ती घटकाभराची करमणूक असते. खोपटकराच्या बाबतीत ती बहुतेकदा त्याच्याच जिल्ह्याच्या, फार तर शेजारच्या जिल्ह्याच्या हवापाण्याची खबर असते.

तळोज्याचंच उदाहरण सविस्तर पाहू, कारण ते सगळ्यांत बोलकं आहे. कुत्रे निळे का झाले, याचं उत्तर अवघड नव्हतं. परिसरातल्या एका कारखान्यात निळं रंगद्रव्य वापरलं जात होतं. खाण्याच्या शोधात कुत्रे आवारात शिरत, आणि उघड्यावर पडलेली, हवेत उडणारी रंगाची भुकटी त्यांच्या केसांना चिकटे. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या नवी मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी तक्रार केली, छायाचित्रं प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. जगासाठी बातमी इथे संपली. पण याच वसाहतीजवळून कासाडी नदी वाहते. तिच्यात रासायनिक सांडपाणी मिसळतं, अशी तक्रार स्थानिक मच्छीमार त्याच्या कितीतरी आधीपासून करत होते. मासे मिळेनासे झाल्याचं सांगत होते. त्यांच्या म्हणण्याला निळ्या कुत्र्याइतकं देखणं चित्र नव्हतं, म्हणून त्या तक्रारी परदेशी वर्तमानपत्रांत गाजल्या नाहीत. कुत्र्याच्या अंगावरचा रंग धुतल्यावर गेला. नदीचा प्रश्न एका कारखान्याला टाळं लावून सुटण्यासारखा नव्हता, कारण तो एका कारखान्याचा नव्हताच.

आता याच्या उलट बाजूने पाहू. फेब्रुवारी २०२१ मध्ये रशियातल्या झेर्झिन्स्क शहरात निळे कुत्रे दिसले आणि ती छायाचित्रं आपण सगळ्यांनी पाहिली. तिथे एक बंद पडलेला रासायनिक कारखाना होता, आणि कुत्रे तिथल्या उरल्यासुरल्या रसायनांत, बहुधा मोरचुदात, लोळले असावेत असा अंदाज निघाला. झेर्झिन्स्क हे सोव्हिएत काळापासून रासायनिक उद्योगाचं शहर आहे. तिथल्या रहिवाशाच्या दृष्टीने त्या चित्रात नवल कमी आणि जुनं दुखणं जास्त असणार, हे डोंबिवलीच्या माणसाला तरी समजायला हवं. मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये युक्रेनमधल्या चेर्नोबिलजवळ पुन्हा निळे कुत्रे दिसले, तेव्हा पाहणाऱ्यांनी क्षणात किरणोत्साराचा निष्कर्ष काढून टाकला. तिथल्या कुत्र्यांची देखभाल करणाऱ्यांचा आणि शास्त्रज्ञांचा अंदाज अगदी साधा होता: फिरत्या शौचालयात वापरलं जाणारं निळं रसायन सांडलं असावं आणि कुत्रे त्यात लोळले असावेत. तीन ठिकाणी एकच रंग आणि एकच प्राणी, पण कारणं वेगवेगळी. एका ठिकाणी चालू कारखान्याचा निष्काळजीपणा, दुसऱ्या ठिकाणी बंद कारखान्याचा वारसा, तिसऱ्या ठिकाणी किरकोळ अपघात. चित्राकडे नुसतं पाहून यांतलं काहीच कळत नाही. म्हणूनच चित्र हा पुरावा मानायचा तर तो ‘इथे काहीतरी घडलं आहे’ एवढ्यापुरताच.

लोणारने हाच धडा दुसऱ्या अंगाने दिला. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर बेसाल्ट खडकावर उल्का आदळून झालेल्या विवरात आहे. पाणी खारट आणि अत्यंत अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. जून २०२० मध्ये ते गुलाबी दिसू लागलं आणि नासाने मे अखेर व जूनमधली उपग्रहचित्रं शेजारीशेजारी ठेवून हा बदल दाखवला. तर्कवितर्क सुरू झाले. डोंबिवलीच्या रस्त्याची आठवण ताजी असलेल्या कोणालाही इथेही रसायनच शिरलं असावं अशी शंका येणं साहजिक होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सरोवराच्या रक्षणाविषयीची याचिका चालू होती, त्यामुळे पाण्याचे नमुने तपासले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत गुलाबी रंगाचं मूळ सापडलं ते हॅलोआर्किया या अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांत. उन्हाळ्यात पाण्याची पातळी घटली, खारटपणा वाढला, या जीवांची वाढ झपाट्याने झाली आणि त्यांच्यातल्या कॅरोटिनॉइड वर्गातल्या रंगद्रव्याने सरोवर रंगलं. नमुना प्रयोगशाळेत स्थिर ठेवला तेव्हा गुलाबी जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं, म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता. इराणमधलं उर्मिया सरोवरही अशाच कारणांनी लाल-गुलाबी होत आलं आहे.

विशेष म्हणजे ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचा रंगही याच वर्गातल्या रंगद्रव्यांचा. फ्लेमिंगोचं पिल्लू राखाडी असतं. शेवाळ आणि बारीक जलचर खाऊन त्यांतली कॅरोटिनॉइडं शरीरात जातात आणि पिसं गुलाबी होतात. हे पक्षी खाडीत दरवर्षी येतात, म्हणूनच शासनाने ऑगस्ट २०१५ मध्ये सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्राचं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित केलं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. पण २०२० मध्ये जगाला सांगितली गेलेली गोष्ट वेगळी होती: माणूस घरात बसला आणि निसर्ग परतला. त्याच दिवसांत व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन आल्याचं दृश्यही फिरत होतं. ते डॉल्फिन प्रत्यक्षात सार्डिनिया बेटाजवळचे निघाले. ठाणे खाडीची चित्रं खरी होती, कहाणी मात्र सोयीची होती. टाळेबंदी लागली तेव्हा त्या हंगामातले पक्षी येऊन पोचलेले होते. शिवाय खाडीत जाणाऱ्या सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ वाढतं आणि तेच शेवाळ या पक्ष्यांचं अन्न आहे, ही त्या देखण्या दृश्यामागची अवघड वस्तुस्थिती. खाडीत पक्षी दिसले म्हणून पाणी शुद्ध आहे, असा अर्थ काढता येत नाही. उलट ज्या घाणीवर आज शेवाळ पोसलं जातं, तीच वाढत गेली तर एक दिवस पक्ष्यांना मारक ठरेल, ही भीती अभ्यासक व्यक्त करत आले आहेत.

एकच गुलाबी रंग डोंबिवलीत कारखान्यांचा दोष दाखवतो, लोणारला ऋतूचा आणि खारटपणाचा फेर दाखवतो, आणि खाडीत संमिश्र, अस्वस्थ करणारी गोष्ट सांगतो. इथे डोळ्याच्या मर्यादेचा विचार करायला हवा. कृत्रिम रंगद्रव्यं इतकी प्रखर असतात की लिटरभर पाण्यात एखादा मिलिग्रॅम मिसळला तरी पाणी रंगलेलं दिसू शकतं. याच पाण्यात विरघळलेली आम्लं, क्षार, अनेक द्रावकं, कित्येक विषारी धातू रंगहीन राहू शकतात. म्हणजे डोळ्याला दिसणारा रंग कधी अगदी थोड्या रसायनाचा असतो, आणि अतिशय घातक पाणी कधी नितळ असतं. याचा जिवंत दाखला आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनी नदीच्या प्रवाहात टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि त्यातून उठलेल्या वायूने शेकडो लोकांना रात्रीतून रुग्णालयात जावं लागलं. वायूला रंग नव्हता, चित्र काढण्यासारखं काही नव्हतं. त्याच वर्षीचा हिरवा पाऊस आजही आठवणीने सांगितला जातो. वालधुनीची ती रात्र जिल्ह्याबाहेर किती जणांना माहीत आहे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला. सत्तरच्या वर गेलेली ४३ क्षेत्रं अतिप्रदूषित ठरली आणि डोंबिवलीचा आकडा होता ७८.४१. हिरव्या पावसाच्या पाच वर्षं आधी, गुलाबी रस्त्याच्या अकरा वर्षं आधी हे कागदावर आलेलं होतं. तो आकडा कोणी एकमेकांना पाठवला नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे आणि तो मी अंशतः मान्य करते. निळा कुत्रा जगभर गेला म्हणूनच कारखान्यावर कारवाई झाली, रस्ता गुलाबी झाला म्हणूनच मुख्यमंत्री आले. मग अशा बातम्यांची चिकित्सा करण्यापेक्षा त्यांचे आभारच मानायला नकोत का? गाजावाजाने यंत्रणा हलते हे खरं आहे. पण ती कुठवर हलते तेही पाहायला हवं. रंग पुसला गेला की लक्ष उडतं, आणि लक्ष उडालं की जोरही ओसरतो. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये सुमारे ९५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो एखाद्या छायाचित्रामुळे नव्हे. ‘वनशक्ती’ या संस्थेने नमुने, अहवाल आणि कागदपत्रं घेऊन चिकाटीने लढवलेल्या याचिकेमुळे. गुलाबी रस्त्यानंतर दोन वर्षांनी, २०२२ मध्ये डोंबिवलीतले १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगा परिसरात हलवण्याचा निर्णय झाला. त्याहीनंतर २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन माणसं गेली. तसाच स्फोट २६ मे २०१६ रोजी झालेला होता. चित्राने दार उघडतं, पण आत जाऊन काम करणारा कोणी नसेल तर ते पुन्हा लागतं.

दुसरा आक्षेप असा की दिवसभर दगदग करून घरी आलेल्या माणसाने प्रत्येक गमतीदार बातमीचं शवविच्छेदन करत बसावं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. निखळ नवलाची भूक माणसाला असते आणि ती असावी. नवलाला माझा मुळीच विरोध नाही. लोणारचं खरं कारण कळल्यावर नवल वाढतं, अब्जावधी जीवांनी एक सरोवर रंगवलं हे कोणत्याही अफवेपेक्षा विलक्षण आहे. पण कारण न विचारलेलं नवल कधीकधी जिवावर बेततं. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झाल्याची वार्ता पसरली आणि हजारो लोकांनी, लहान मुलांसह, तिथलं पाणी प्यायलं, बाटल्यांत भरून घरी नेलं. मिठी नदीतून येणारी सगळी घाण जिथे समुद्राला मिळते, ते ठिकाण! भर पावसाळ्यात नदीच्या गोड्या पाण्याचा लोंढा खाडीत आला की तिथला खारटपणा घटतो, इतकं साधं कारण होतं. महापालिका पाणी पिऊ नका म्हणून विनवत होती. तेव्हा हातोहाती व्हॉट्सअॅप नव्हतं, हेही लक्षात ठेवावं. सगळा दोष इंटरनेटवर ढकलून आपली सुटका होत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा: सामान्य माणसाने करायचं तरी काय, त्याच्याकडे प्रयोगशाळा थोडीच आहे? प्रयोगशाळा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. नाल्याला रंग आलेला, वास सुटलेला, मासे तरंगलेले दिसले तर छायाचित्र जरूर काढा. पण ते पुढे पाठवण्याआधी त्यावर ठिकाण, तारीख आणि वेळ लिहा, आणि पहिली प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला पाठवा. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरच्या रहिवाशांसाठी मंडळाचं प्रादेशिक कार्यालय कल्याणमध्येच आहे. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. महिन्याभराने नमुन्याचं काय झालं ते विचारा, उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, आणि अहवाल हाती आला की ज्या ज्या गटांवर ते चित्र पाठवलं होतं, त्या प्रत्येक गटावर तो अहवालही पाठवा.