प्लॅटिनमच्या दरबारी कथील

दालचिनीच्या तेलाचा उग्र, गोडसर वास मुख्यत्वे सिनॅमाल्डिहाइड या एकाच द्रव्याचा असतो. आणि त्याच्या रेणूतील कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधावर हायड्रोजनचे दोन अणू बसवले, पण शेजारच्या कार्बन-कार्बन दुहेरी बंधाला धक्का लागू दिला नाही, तर सुगंधी द्रव्यांच्या धंद्यात मोल असलेले सिनॅमिल अल्कोहोल हाती येते. गवती चहाच्या तेलातील सिट्रालपासून जिरॅनिऑल आणि नेरॉल मिळवण्याची, म्हणजे लिंबाच्या वासातून गुलाबाच्या वासाकडे जाण्याची, वाटही हीच. कागदावर ही क्रिया एका ओळीत मावते. प्रयोगपात्रात मात्र हायड्रोजन नेमका नको त्या बंधाकडे वळतो, कारण कार्बन-कार्बन दुहेरी बंधाची ऊर्जा मोलमागे सुमारे 615 किलोज्यूल, तर कार्बन-ऑक्सिजनची सुमारे 715, आणि दुबळ्यावर आधी हात टाकावा हा निसर्गाचाही दस्तूर दिसतो. पॅलेडियम वापरले तर जवळजवळ सगळा माल संतृप्त अल्डिहाइडच्या रूपाने निघतो. सोडियम बोरोहायड्राइडसारखी अभिकर्मके हे काम सफाईने करतात हे खरे, परंतु ती मालाच्या प्रमाणात खर्ची पडतात आणि मागे उरलेल्या क्षारांचा बंदोबस्त कारखानदाराच्या माथी येतो. उत्प्रेरकाचा आग्रह धरायचा तो या सबबीवर.

या विषयाचा प्रारंभ अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात रॉजर अ‍ॅडम्स यांच्या प्रयोगशाळेत झाला असे मानावयास हरकत नाही. तेथे 1922 मध्ये प्लॅटिनम ऑक्साइडचा उत्प्रेरक सिद्ध झाला, आणि लोहक्षाराची अल्पशी मात्रा घातली असता अल्डिहाइडांवरील त्याची क्रिया कमालीची सुधारते हे ज्या विद्यार्थ्याने दाखवले तो वॉलेस कॅरोथर्स, म्हणजे पुढे ज्याच्या नावाशी नायलॉन कायमचे जोडले गेले तोच. 1925 मध्ये ट्यूली आणि अ‍ॅडम्स यांनी लोह व जस्त यांचे क्षार घालून सिनॅमाल्डिहाइडचे सिनॅमिल अल्कोहोल करून दाखवले. गंमत अशी की, हे क्षार नेमके काय करतात याचा समाधानकारक उलगडा व्हायला त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

तो उलगडा करण्यात फ्रान्समधील ल्यों येथील संशोधकांचा वाटा मोठा आहे. प्लॅटिनमच्या पृष्ठावर लोह, कोबाल्ट वा कथील यांचे अणू विखुरले की दोन गोष्टी घडतात. प्लॅटिनमहून अधिक धनविद्युती असलेला हा पाहुणा ऑक्सिजनवरील मोकळ्या इलेक्ट्रॉनयुग्माला आपल्याकडे ओढतो, त्यामुळे रेणू कार्बोनिलच्या टोकाने पृष्ठावर टेकतो. शिवाय तो आपले काही इलेक्ट्रॉन प्लॅटिनमला देतो, आणि इलेक्ट्रॉनसंपन्न झालेले प्लॅटिनम कार्बन-कार्बन बंधाला पूर्वीसारखे घट्ट धरत नाही. रेणूची ठेवणही येथे दखलपात्र ठरते: सिनॅमाल्डिहाइडचे अवजड बेंझिन वलय प्लॅटिनमच्या मोठ्या कणांच्या सपाट पृष्ठापासून दूर लोटले जाते आणि शेजारचा कार्बन-कार्बन बंध त्याबरोबर आपोआप वाचतो, तर ज्याच्या अंगावर असा कोणताच अडसर नाही तो चिमुकला अ‍ॅक्रोलिन सर्वांत हट्टी ठरतो. टायटॅनियम ऑक्साइडचा आधार घेऊन उत्प्रेरकाला उच्च तापमानाला क्षपित करणे हाही एक मार्ग आहे. त्यात दुसऱ्या धातूचे काम आधारच पत्करतो.

कथील चढवण्याची एक कृती मात्र जवळून पाहण्याजोगी आहे. सिलिकावर विखुरलेले, आधीच क्षपित केलेले प्लॅटिनम घ्यावयाचे, त्यावर हायड्रोजनच्या सान्निध्यात टेट्राब्युटिल कथिलाची क्रिया करावयाची, आणि सुटणारा ब्युटेन मोजत बसावयाचे. कथिलाच्या दर अणूमागे चार ब्युटेन सुटले तर कथील उघडे होऊन प्लॅटिनमवर बसले. त्याहून कमी सुटले तर काही ब्युटिल शाखा अद्याप त्याला चिकटून आहेत. दोन क्षार एकाच द्रावणात कालवून भट्टीत भाजण्याच्या जुन्या रीतीत काही कथील आधारावरच पडून राहते आणि प्लॅटिनमला त्याची ओळखही होत नाही. येथे वायूच्या मापावरूनच अणूंचा हिशेब लागतो. तरीही कथिलाची मात्रा सांभाळावीच लागते, कारण ते अधिक झाले तर हायड्रोजनचे विघटन करणाऱ्या प्लॅटिनमच्या जागाच झाकल्या जातात आणि क्रिया मंदावते.

तक्रारीस जागा आहे ती प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यांविषयी. निवडकता म्हणजे खर्ची पडलेल्या अल्डिहाइडपैकी किती हवे ते अल्कोहोल झाले याचे प्रमाण. आणि शंभरांतील पाचच रेणूंचे रूपांतर झाले असता निवडकता 90 टक्के भरली, तर हाती आलेले अल्कोहोल साडेचारच. क्रियेची गती अभ्यासणाऱ्याला इतक्या अल्प रूपांतरावर मोजमाप करणे भागच असते, त्यात गैर काही नाही. पण तोच आकडा कारखान्याच्या भाषेत फिरू लागला की फसगत होते, कारण रूपांतर वाढत जाते तसे तयार झालेले अल्कोहोलही पुन्हा हायड्रोजन घेऊन संतृप्त होऊ लागते. त्यातच अल्डिहाइडच्या विघटनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमला घट्ट चिकटून त्याला निकामी करतो, आणि द्रवात चालणाऱ्या क्रियेत दुसरा धातू झिरपून गेला तर पुढच्या खेपेला उत्प्रेरक पहिल्या दिवसाचा राहत नाही. म्हणून निवडकतेच्या आकड्याशेजारी रूपांतराचा आकडा आणि वारंवार वापराचा दाखला नसेल, तर तो उत्प्रेरक कारखान्यासाठी विचारात घेऊ नये, मग निबंधाच्या शीर्षकात 90 असो की 99.