फौजदार मॅडम साध्या कपड्यांत का येतात?

जऊळका हे वाशीम जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातलं, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचं गाव. गावात पोलीस ठाणं आहे. समजा, या ठाण्याच्या हद्दीतल्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलीने आपल्यावर झालेल्या अत्याचाराबद्दल तोंड उघडलं. जबाब द्यायला तिने ठाण्याची पायरी चढायची गरज नाही. पोलिसांनीच तिच्याकडे जायचं. घरी, मावशीकडे, ती म्हणेल तिथे. शक्यतो महिला अधिकारी, दर्जा किमान फौजदाराचा, आणि अंगावर खाकी नाही. कोणाच्या चांगुलपणावर हे सोडलेलं नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्याचं कलम २४ तसं बजावतं.

जेवत नाहीस तर पोलिसाला देईन, हे ऐकतच आपली पोरं मोठी होतात. त्यामुळे खाकी उतरवण्यामागचं व्यवहारज्ञान कोणालाही पटेल. पण हा कायदा मेंदूच्या अभ्यासाशेजारी ठेवून वाचला की थक्क व्हायला होतं. त्यातली कितीतरी कलमं भेदरलेल्या मेंदूची रीत ओळखून लिहिल्यासारखी वाटतात.

ती रीत अशी. भीती एका फटक्यात शिकली जाते आणि ती सहजी पुसली जात नाही. मग बरं होणं म्हणजे काय? उंदरांवरच्या प्रयोगांत याचं उत्तर सापडतं. ठरावीक आवाजानंतर विजेचा झटका बसतो हे शिकलेल्या उंदराला पुढे तोच आवाज झटक्याविना पुन्हापुन्हा ऐकवला, की त्याचं थिजणं थांबतं. मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी २००२ साली दाखवलं, की अशा वेळी मेंदूच्या पुढच्या भागातल्या काही पेशी चेततात. जुनी भीती जागीच असते. ‘आता धोका नाही’ हा नवा धडा या पेशी आठवून देतात आणि ती दबते. म्हणजे भीती जाणं हे विसरणं नाहीच, ते एक नवं शिकणं आहे.

हा नवा धडा मात्र जागेला बांधलेला असतो. एका पिंजऱ्यात निर्धास्त झालेला उंदीर दुसऱ्या पिंजऱ्यात तोच आवाज ऐकून पुन्हा थिजतो. माणसाच्या लेकराचंही काहीसं असंच. अत्याचार गोठ्याशेजारी झाला असेल, तर वर्षभर हसती-खेळती राहिलेली पोर ऐन सुगीत सोयाबीनच्या कुटाराचा वास आला की अंग चोरते. शाळेत पोटात दुखायला लागतं. घरचे म्हणतात, “बरी झाली होती, आता काय झालं हिला?” खरं तर काहीच बिघडलेलं नसतं. नवा धडा या जागी अजून गिरवायचा राहिलेला असतो, एवढंच.

तो गिरवायला सोबत कोण, हा पुढचा प्रश्न. कलम २६ सांगतं, की जबाब आईवडिलांच्या किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाच्या समोर घ्यायचा. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात २०१० साली लेस्ली सेल्ट्झर आणि सहकाऱ्यांनी ७ ते १२ वर्षांच्या मुलींना परक्या माणसांपुढे भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावली. ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, चढलं. मग काहींना आईने कुशीत घेतलं, काहींना आईचा फक्त फोन आला, उरलेल्यांना एक चित्रपट दाखवला. आईचा फोनवरचा आवाज जवळपास कुशीइतकाच लागू पडला! दोन वर्षांनी त्यांनी फोनऐवजी आईचे लेखी संदेश पाठवून पाहिले, तर परिणाम आई नसल्यासारखाच. शब्द आईचेच, पण आवाज नव्हता. माय कामासाठी पुण्याकडे आणि लेक आजीजवळ किंवा आश्रमशाळेत, अशी घरं आपल्याकडे काही कमी नाहीत. त्या घरांतला रात्रीचा फोन मी आता वेगळ्या नजरेने पाहतो.

पंधराव्या वर्षाच्या आसपास मात्र ही जादू ओसरते. २०१५ च्या एका अभ्यासात लहान मुलांचा ताण आईवडिलांच्या सोबतीने कमी झाला, किशोरांचा तसा झाला नाही. तेव्हा कलमातलं ते ‘किंवा विश्वासातला माणूस’ किती मोलाचं आहे बघा. कधी ती मैत्रिणीची आई असेल, कधी शाळेतल्या मॅडम.

आघातावरच्या उपचारातही असा माणूस मध्यभागी आहे. ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनरिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी बसवलेल्या पद्धतीत मूल आधी श्वास आणि अंग सैल सोडायला शिकतं, मग भावनांना नावं देतं आणि शेवटी घडलेलं थोडं थोडं सांगतं. चित्र काढून, लिहून, जमेल तसं. सांभाळ करणारं मोठं माणूसही सोबत शिकतं. यासाठी मानसोपचारतज्ज्ञच हवा असं वाटतं, आणि तो गावात कुठून आणायचा? झांबियात लुसाका इथे २५७ मुलांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे काम प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या स्थानिक, बिगर-तज्ज्ञ समुपदेशकांनी केलं आणि मुलांची लक्षणं लक्षणीय घटली. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातही ‘विश्राम’ प्रकल्पात ३० गावांमध्ये गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी मोठ्यांच्या नैराश्यावर काम केलं. उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ वर गेलं. तो अनुभव प्रौढांचा, मुलांचा नव्हे; पण वऱ्हाडातला माणूस मनाचं दुखणं बोलतच नाही, या समजाला त्याने चांगलाच धक्का दिला.

या सगळ्याला एक अट आहे आणि तिथेच घोडं पेंड खातं. धोका खरोखर टळलेला हवा. अत्याचार करणारा त्याच अंगणात वावरत असेल तर ‘आता धोका नाही’ हा धडा खोटा ठरतो. लेकराची भीती तेव्हा आजार नसते, ती बरोबर असते. “कोनाले सांगू नको, नाव खराब होईल” म्हणत बैठकीत प्रकरण मिटवणारी मोठी माणसं नेमकी हीच अट मोडतात. कलम १९ नुसार ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिवाय १०९८ हा मदतीचा क्रमांक आहेच. आणि वर त्याच पोरीला “धीट हो” म्हणणं तर मला निव्वळ अन्याय वाटतो. पहिल्या मिनिटाला “तुही काही चूक नाही” एवढं म्हटलं तरी पुष्कळ होतं.

आणि हे सगळं वेळेवर जुळून आलं नाही तर? हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार असं बरंच काही एकत्र वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश नीट, कर्ती माणसं झाली. त्यांच्याजवळ आजी, शिक्षक, शेजारी असं निदान एक खात्रीचं माणूस होतं. हे बहुतेक लेखांत येतं. उरलेल्यांचं काय झालं हे मात्र क्वचित सांगितलं जातं. त्यांच्यातल्या अनेकांनी विशीआधी गुन्हे, मानसिक त्रास, लहान वयातलं मातृत्व असं सगळं पाहिलं. आणि त्यातलेही बहुतेक तिशी-चाळिशीपर्यंत सावरले. कोणी पुन्हा शिकायला गेलं, कोणाला चांगला जोडीदार मिळाला. अभ्यास अठराव्या वर्षी थांबला असता, तर ही सगळी मुलं वाया गेलेली म्हणूनच कागदावर राहिली असती.